भरीत पार्टीत तीन हलक्या लागर चाखल्या, गाडी मलाच चालवायची होती

यावलकडे दाजींच्या शेतात दर थंडीत आमची भरीत पार्टी असते आणि रात्री चार जणांना घेऊन जळगावला गाडी आणायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून बाकीचे पीत असतात तेव्हा मी आजवर लिंबू सोडा घ्यायचो. पण भरताबरोबर लिंबू सोडा नाही जमत राव, गोड लागतो. मला लागरचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट बियरचा, तो कडवटपणाच पाहिजे होता. म्हणून यावेळी ठरवून अल्कोहोल नसलेल्या किंवा नावापुरतं असलेल्या तीन नेल्या. एक हायनेकेन ०.०, दुसरी क्लाउस्थालर, जिच्या दोन बाटल्या चुलतभावाने फ्रँकफर्टहून आणल्या होत्या, आणि तिसरा इथल्याच एका दुकानातून घेतलेला बिनअल्कोहोलचा कॅन, त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल.

दाजी म्हणाले, "अरे भो मग माइल्ड घे ना, तिच्यात काय असतं?" असतं ना दाजी. ६५० मिलीच्या बाटलीत ४.८ टक्के म्हणजे जवळपास २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं, आणि गाडी चालवणाऱ्याला कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. सत्तर किलोचा माणूस एक अख्खी माइल्ड पटकन पिऊन उठला तर ती रेषा आरामात ओलांडू शकतो. त्यामुळे माझ्यासाठी माइल्ड ही हलकी बियर नाहीच.

चाखायची पद्धत सांगतो, कारण बर्फातून काढली आणि घटाघटा प्यायली तर सगळ्या सारख्याच लागतात. एकदम गार असली की वासच येत नाही. मी थर्माकोलच्या डब्यातून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवल्या. पेले साध्या पाण्याने दोनदा विसळले, साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो. आणि रंग दिसू नये म्हणून स्टीलचे तीन पेले, दोन पेल्यांत एकच बियर आणि तिसऱ्यात वेगळी, वेगळी कोणती ते ओळखायचं. बियर बनवणारे पण अशीच परीक्षा घेतात. भाच्याने ओतलं, मी पाठ करून उभा.

हायनेकेन ०.० मी दोन्ही वेळा बरोबर ओळखली. ती आधी नेहमीच्या बियरसारखी आंबवतात आणि मग व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला तिच्यातलं अल्कोहोल काढून घेतात, शिजवल्यासारखी चव येऊ नये म्हणून. वासाला फळासारखी, पहिला घोट चक्क लागरचा, शेवटी थोडी पातळ पडते. ते पातळपण अल्कोहोल नसल्याचं, कारण तोंडात जो जडपणा आणि किंचित गोडवा वाटतो त्यात अल्कोहोलचा मोठा हात असतो. पण कडवटपणा शाबूत आहे आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचं.

क्लाउस्थालरचं तंत्र वेगळं. ती १९७९ पासून आहे आणि तिच्यातलं अल्कोहोल नंतर काढत नाहीत, आंबवणंच असं सांभाळतात की ते ०.५ टक्क्याच्या वर जात नाही. म्हणजे यीस्टला पूर्ण काम करू दिलेलं नसतं, मग माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, साखर शिल्लक राहते आणि उकडलेल्या जवाचा, मधासारखा गोडूस वास राहतो. काहींना तो कच्चा वाटेल, मला आवडला, त्यात अंग आहे. हे ०.५ म्हणजे फार नाही, रावेरच्या अगदी पिकलेल्या केळीत पण थोडं नैसर्गिक अल्कोहोल असतंच, पण ज्याने दारू कायमची सोडलीय किंवा जी बाई गरोदर आहे तिने ०.० आणि ०.५ मधला फरक लेबलवर वाचूनच घ्यावा.

तिसरा कॅन. उघडल्यावर फेस बरा, पण वास ओल्या पुठ्ठ्याचा. बूड उलटं करून बघितलं तर एप्रिलमध्ये पॅक झालेला, म्हणजे आपल्याकडचा अख्खा उन्हाळा त्याने कुठल्यातरी गोडाऊनमध्ये काढला असणार. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि उष्णतेने बियरचं ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनने शिळं होणं, जोरात होतं, पुठ्ठ्याचा वास त्याचाच. हलक्या लागरमध्ये तर लपवायला काहीच नसतं. बनवणाऱ्याची चूक असेलच असं नाही, पण पैसे माझेच गेले. आता मी आधी तारीख बघतो, आणि हिरवी बाटली दुकानाच्या उन्हात येणाऱ्या काचेत ठेवलेली असेल तर घेतच नाही, उजेडाने हॉप्सचा, म्हणजे बियरला कडवट करणाऱ्या फुलांचा, घाण वास सुटतो.

आता खरी परीक्षा. बामणोदची वांगी तुरीच्या काड्यांवर भाजली, बडगीत ठेचली, मिरच्या-लसूण-कांद्याची पात घातली, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. स्ट्राँग घेतली की तिखट अजून भडकतं, कारण अल्कोहोल स्वतःच जिभेला चटका देतं. ०.० मध्ये तो चटका नाही, फक्त बुडबुड्यांचा थोडा चुरचुराट आणि नंतर कडवट-स्वच्छ शेवट, भरताचा धुराचा वास तसाच राहतो. क्लाउस्थालरचा गोडूसपणा मिरचीवर हायनेकेनपेक्षा चांगला बसला, ते मी आधी धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली शेवभाजीबरोबर घेतली तर मात्र तो गोडवा लाल रश्श्याच्या तेलात हरवून गेला, तिथे हायनेकेनच पाहिजे होती.

दाजींनी तीनपैकी वेगळा पेला एकदाच ओळखला. साडेअकराला आम्ही निघालो, मागे तिघं झोपलेले, मी जागा. पुढच्या पार्टीला दाजींनी स्वतःच्या पैशाने सहा कॅन आणायचं कबूल केलंय, तारीख बघून.