‘प्रायॉरिटी बॉक्स’ विकायला कोणी आलं तर आधी हे वाचा

डोंबिवली पूर्वेच्या सोसायट्यांमधून सध्या एक मुलगा फिरतोय. गळ्यात नेटवाल्याच्या नावाचं ओळखपत्र, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पांढरे डबे. बोलायला अतिशय नम्र, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. डब्याचं नाव ‘प्रायॉरिटी बॉक्स’. किंमत ३,८०० रुपये, वर दरमहा २४९ रुपये ‘सर्व्हर चार्ज’. हा डबा लावला की घरात कोणी काहीही डाउनलोड करो, तुमच्या कॉलला नेट आधी मिळणार, असं तो सांगतो. आमच्या विंगमध्ये हा डबा मी धरून तीन घरांत गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी संध्याकाळी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या ऑनलाइन घेते. बाकी दिवसभर नेट उत्तम, पण साडेसातच्या बॅचला आवाज तुटायचा. ‘मॅडम, तुमचा आवाज रोबोटसारखा येतोय’ हे वाक्य तर मुलांना पाठच झालं होतं. प्लॅन डाउनलोडला १५० एमबीपीएस आणि अपलोडला २० चा. स्पीड टेस्ट केली की आकडे ठणठणीत, त्यामुळे नेटवाल्याच्या ऑफिसातून दर वेळी एकच उत्तर यायचं: लाइन ओके आहे मॅडम. शेवटी लेखी तक्रार केली आणि दुसऱ्याच दिवशी हा मुलगा दारात हजर. तक्रार कोणत्या वेळेची, कशाची, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याला कुणी सांगितलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

त्याने जे करून दाखवलं ते नीट वाचा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आधी त्याने माझ्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग लावलं, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायला सुरुवात केली. मग म्हणाला, ‘मॅडम, घरात नेहमीसारखा वापर चालू करा.’ टीव्हीवर सिनेमा लावायला सांगितला, मुलाच्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला सांगितला. पिंगचे आकडे ९ वरून सरळ ४०० च्या पुढे, मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. ‘बघा, हाच तुमचा प्रॉब्लेम.’ इथपर्यंत सगळं खरं होतं, हे आज मी मान्य करते. मग त्याने जुना राउटर काढला, आपला डबा जोडला, सेटिंगमध्ये माझ्या लॅपटॉपपुढे ‘हायेस्ट’ निवडलं, डबा रीस्टार्ट केला आणि पिंग परत लावलं. ८, ९, ८, १०. सासूबाई सुद्धा म्हणाल्या, अगं कमाल आहे.

कमाल कसली! राउटर बदलताना घरातलं नेट तुटलं, तेव्हा मुलाचा तो अपलोडही तुटला आणि फोनवर ‘रिट्राय’ दाबायची वाट बघत पडून राहिला. टीव्ही वायफायच्या नव्या नावाला जोडलेलाच नव्हता. म्हणजे ‘आधी’चं मोजमाप भरल्या लाइनीवर आणि ‘नंतर’चं रिकाम्या लाइनीवर. रिकाम्या लाइनीवर पिंग ९ यायला डबा कशाला लागतो?

साडेसातची बॅच पुन्हा तुटायला लागली. मी फोन केला तर म्हणे, ‘सर्व्हरवर प्रायॉरिटी ॲक्टिव्हेट व्हायला वेळ लागतो.’ महिन्याचे २४९ तोवर गेले होते.

आणखी एक गोष्ट खटकली. डाउनलोड १५० यायचं, ते आता काही केल्या ९४ च्या वर जाईना. माझा भाचा नेटवर्किंगमध्ये काम करतो. त्याला हा आकडा सांगताच त्याने डबा उलटा करायला सांगितला. खाली चकचकीत स्टिकर, ‘प्रायॉरिटी बॉक्स प्रो’. नखाने कोपरा उचकटला तर आत मूळ कंपनीचा मॉडेल नंबर निघाला. बाजारात हजारच्या आसपास मिळणारा साधा राउटर, पोर्ट १०० एमबीपीएसचे. अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही जात नाही. म्हणजे ३,८०० रुपये मोजून आम्ही आमचंच नेट कापून घेतलं होतं.

मग भाच्याने सेटिंगचं पान उघडलं. क्यूओएस, म्हणजे कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय, चालू होतं, माझा लॅपटॉप यादीत पहिला होता. पण वर ‘टोटल बँडविड्थ’च्या, म्हणजे लाइनचा एकूण डाउनलोड आणि अपलोड वेग भरायच्या, दोन चौकटी असतात, त्या दोन्हींत १०० भरलेले. भाचा हसायलाच लागला. विकणारा मुलगा मला म्हणाला होता, ‘देवळात व्हीआयपी दर्शनाची रांग असते ना, तसं समजा.’ ठीक आहे, तसंच समजू. पण व्हीआयपी रांगेचा उपयोग जिथे गर्दी तुंबते त्या दारावर. आमचं अपलोड २० चं. राउटरला सांगितलंय की १०० जाऊ देत. तो बापडा सगळं पुढे ढकलतो, त्याच्यापाशी रांग लागतच नाही, मग तो पुढे कुणाला काढणार? रांग लागते पलीकडे, फायबरच्या डब्यात, म्हणजे ओएनटीत, आणि तिथे माझा लॅपटॉप कोण आणि मुलाचा फोन कोण, हे कुणी बघत नाही.

यातलं गणित मला शिकवायला आवडेल असं आहे. त्या ओएनटीत समजा १ एमबी डेटा साठून राहिला. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट. २० एमबीपीएसने तो उपसायला ०.४ सेकंद. माझ्या आवाजाचं पॅकेट त्या ढिगाच्या मागे उभं, म्हणजे ४०० मिलिसेकंद उशीर. फोनवरचं बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० च्या आत हवा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. आवाजाला स्वतःला वेग किती लागतो? १०० केबीपीएसच्या आसपास, २० एमबीपीएसचा दोनशेवा भाग. वेग कमी नव्हताच, उशीर जास्त होता, आणि स्पीड टेस्टचा मोठा आकडा उशिराबद्दल काही सांगत नाही. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याला २०१० मध्ये ते स्वतःच्या घरच्या नेटवरच सापडलं होतं.

आमच्याकडे तो ढीग कोण लावत होतं? सासरे फिरून आले की साडेसातला फोन चार्जिंगला लावतात. वायफाय आणि चार्जिंग मिळालं की फोटोंचा बॅकअप सुरू. इतकंच.

उपाय फुकटचा निघाला. भाच्याच्या जुन्या राउटरवर त्याने ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. त्यात ‘केक’ नावाची रांग लावायची पद्धत आहे, २०१८ पासून ती लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे अशा सॉफ्टवेअरच्या मोफत गाभ्यातच आहे, तिला पैसे पडत नाहीत. अपलोडची मर्यादा २० च्या खाली, १८ ला बांधली. त्यामुळे रांग ओएनटीऐवजी राउटरात लागते आणि राउटर ती सगळ्यांत वाटून देतो. मोठा अपलोड चालू असताना आता पिंग २५-३० च्या आत राहतं. माझ्या लॅपटॉपला ‘हायेस्ट’ वगैरे काही दिलेलं नाही. अर्थात, तुमचा त्रास वायफाय बेडरूमपर्यंत पोचत नाही हा असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, हेही तो बजावून गेला.

आता ते २४९. ‘कंपनीच्या सर्व्हरवर तुमचा ट्रॅफिक वेगळा काढतो,’ हे ऐकायला भारी वाटतं. पण नेटवाल्याच्या मासिक बिलात या रकमेची ओळच नाही. पैसे गेले त्या मुलाच्या स्वतःच्या यूपीआयवर. जीएसटीची पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर एक रंगीत चित्र आलं. आणि कंपनी असं खरंच विकत असती, तरी २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटींत नेट न्यूट्रॅलिटी घातली आहे. काही मोजके अपवाद सोडले तर मजकुरामजकुरात भेद करून एकाला वेग द्यायचा, दुसऱ्याचा कापायचा, याला तिथे मनाई आहे.

तुमच्या दारात कोणी आलाच, तर त्याचा डबा लागल्यावर तोच अपलोड तुमच्या हाताने परत सुरू करा, पिंग चालू ठेवा आणि मगच पैशाचं बोला. डबा उलटा करून स्टिकरखाली काय आहे ते बघा. बँडविड्थच्या चौकटींत काय भरलंय ते विचारा. ‘ॲक्टिव्हेट व्हायला वेळ लागतो’ म्हणाला तर दार दाखवा, कारण ही सेटिंग लावल्या क्षणी लागू होते.

नेटवाल्याच्या मालकाने आधी ‘तो आमचा माणूसच नाही’ म्हणून हात वर केले. ओळखपत्राचा फोटो दाखवल्यावर ‘पूर्वी होता’वर आले. मी त्यांच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेतला आहे. तिथे दाद नाही लागली तर त्यांच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, वेगळी तक्रार केली आहे. डब्याचे ३,८०० परत करायला मालक तोंडी तयार झालेत, २४९ चं नाव काढत नाहीत. शेजारच्या दोन घरांनीही आपापले यूपीआयचे स्क्रीनशॉट मला दिलेत. तुमच्याकडे हा डबा असेल तर स्टिकर पूर्ण काढून टाकू नका, आधी तसाच फोटो काढून ठेवा.