कॅमेरा, लेन्सेस, लॅपटॉप आणि फोन स्वतः ऑनलाइन विकले, बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

मी फोटोग्राफी करते. कॅमेऱ्याची सिस्टीम बदलायची ठरवली तेव्हा जुनी बॉडी, लेन्सेस, फ्लॅश, एडिटिंगचा लॅपटॉप असं बरंच सामान विकायला काढलं, मग घरच्यांचे जुने फोनही माझ्याकडेच आले. दुकानात एक्सचेंजला दिलं असतं तर एका दिवसात मोकळी झाले असते, पण भाव फारच कमी मिळत होता, म्हणून जाहिरातींच्या अ‍ॅपवर स्वतः टाकून विकायला लागले ते आजपर्यंत विकतेच आहे. आता इतके महिने झाल्यावर काय चालतं आणि काय नाही ते नीट लिहावंसं वाटलं, कारण मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं की बाई तुला फसवलं कसं नाही अजून कोणी.

प्रयत्न खूप झाले. पण सगळ्या प्रकारांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसली. वस्तू एकदा हातातून गेली की गेली, पैसे मात्र आल्यासारखे दिसून परत जाऊ शकतात, किंवा मुळात आलेलेच नसतात. समोरचा कितीही लांबलचक गोष्ट सांगू दे, मी मनात दोनच प्रश्न विचारते, पैसे खरंच माझ्या खात्यात आलेत का आणि आलेले पैसे कोणी मागे खेचू शकतं का. या दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत वस्तू माझ्या हातात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याच्या स्क्रीनवर कधीच बघायचं नाही. पेमेंट सक्सेसफुलचा हिरवा टिक दाखवणारी खोटी अ‍ॅप्स असतात, स्क्रीनशॉट तर कोणीही बनवतं, आणि एसएमएसचं तर विचारूच नका, पाठवणाऱ्याचं नाव बनावट करता येतं आणि मग तो खोटा मेसेज तुमच्या बँकेच्या खऱ्या मेसेजेसच्या खालीच त्याच थ्रेडमध्ये येऊन बसतो. ईमेलचंही तेच. म्हणून मी माझ्या फोनवर माझं बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडते, लॉगिन करते, बॅलन्स आणि ट्रान्झॅक्शन दोन्ही बघते. कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. 'शेड्यूल्ड' किंवा 'पेंडिंग' लिहिलेलं असेल तर माझ्यासाठी ते पैसे आलेले नाहीत, कारण पुढच्या तारखेला लावलेलं ट्रान्सफर माणूस तुमच्याकडून निघाल्यावर कॅन्सल करू शकतो. एकजण म्हणाला ताई सर्व्हर डाऊन आहे, उद्यापर्यंत जमा होईल, पण कॅमेरा आज द्या. मी म्हटलं जमा झाले की या, कॅमेरा कुठे जात नाही. तो परत आला नाही.

आणि हे तर प्रत्येकाने डोक्यात पक्कं करून ठेवा, पैसे घेण्यासाठी तुम्हाला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कार्डाच्या मागचे तीन आकडे द्यावे लागत नाहीत, ओटीपी सांगावा लागत नाही, स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकावं लागत नाही. पैसे 'मिळवण्यासाठी' कोणी यातलं काहीही करायला सांगितलं की ते पैसे तुमच्या खात्यातून बाहेर जाणार. यातला सगळ्यात सफाईदार प्रकार म्हणजे लिंकचा. 'मी पेमेंट केलंय, कुरिअरवाला येईल, फक्त या लिंकवर जाऊन पैसे स्वीकारा', आणि लिंक उघडली की हुबेहूब त्याच जाहिरातीच्या अ‍ॅपसारखं पान, त्यावर तुमच्या वस्तूचा फोटो, तुम्ही लावलेली किंमत सगळं बरोबर, खाली कार्ड नंबर टाकायची जागा. हे कोणी एकटा माणूस रात्र जागून बनवत नाही. ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीने या धंद्याला क्लासिस्कॅम असं नाव दिलंय, २०१९ च्या सुमारास रशियात सुरू झाला आणि मग बाकी देशांत पसरला, आणि त्यात टेलिग्रामवरचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, जाहिरातीची माहिती घेऊन तशी खोटी पानं तयार करून देतात. म्हणून पान नीटनेटकं दिसतंय, भाषा शुद्ध आहे, यावरून काही म्हणजे काही ठरत नाही. मी एवढंच बघते की व्यवहार मूळ अ‍ॅपच्या आत चाललाय का. बाहेर चला म्हटलं की मी थांबते.

सहा आकडी कोडचा प्रकारही असाच. 'तुम्ही खऱ्या आहात ना, खात्री करायला एक कोड पाठवलाय तो सांगा.' तो कोड तुमच्या नंबरवर कुठलं तरी खातं उघडायचा किंवा तुमचं असलेलं खातं ताब्यात घ्यायचा असतो. उत्तरसुद्धा देऊ नका.

आता दुसरा प्रश्न, आणि हा लोकांच्या लक्षात येत नाही, कारण इथे पैसे खरोखर आलेले असतात. कार्डाने दिलेले पैसे चार्जबॅकने, म्हणजे खरेदीदाराने त्याच्या बँकेकडे तक्रार करून पैसे मागे मागितले की, परत जाऊ शकतात, आणि बऱ्याच कारणांसाठी त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते. पेपल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर खरेदीदार पेमेंटपासून १८० दिवसांपर्यंत तक्रार टाकू शकतो. पेपलचं विक्रेत्यासाठी संरक्षण आहे असं सगळे सांगतात, ते आहेच, पण अटी वाचा. वस्तू व्यवहारात दाखवलेल्या पत्त्यावरच पाठवलेली असली पाहिजे आणि पाठवल्याचा पुरावा पाहिजे. म्हणजे 'माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा ना' म्हणून तुम्ही पत्ता बदललात की संरक्षण गेलं. आणि 'पेपलने पैसे देतो, माझा मित्र येऊन वस्तू घेऊन जाईल' हे ऐकायला किती सोयीचं वाटतं, पण मग कुरिअरची पावती नाही, ट्रॅकिंग नाही, आणि तो उद्या म्हणाला वस्तू मिळालीच नाही तर तुम्ही दाखवणार काय? शिवाय 'वर्णनाप्रमाणे नाही' अशी तक्रार असेल तर ते संरक्षण लागूच होत नाही. म्हणून समोरासमोर भेटून विकताना मी कार्ड आणि पेपल दोन्ही घेत नाही, थेट बँक ट्रान्सफर किंवा रोख. चेक तर अजिबात नाही. रक्कम खात्यात वापरायला मिळते तेव्हा चेक वटलेला असतोच असं नाही, खोटा निघाल्याचं कधीकधी कित्येक आठवड्यांनी कळतं, आणि 'चुकून जास्त रकमेचा चेक दिला, वरचे पैसे परत पाठवा' हा डाव त्याच फटीवर चालतो.

बँक ट्रान्सफरमध्येही एक पाचर आहे जी मला फार उशिरापर्यंत कोणीच सांगितली नव्हती. भामटा तुमच्याच लेन्सचे फोटो उचलून दुसरीकडे जाहिरात टाकतो, तिथे तिसरा माणूस गळाला लागतो, त्याला तो तुमचा खातेनंबर देतो, त्या बिचाऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात येतात आणि भामटा येऊन तुमच्याकडून लेन्स घेऊन जातो. तुम्ही खूश, पैसे खरे. मग तो तिसरा माणूस पोलिसात जातो आणि तक्रारीत नाव कोणाचं, तर तुमचं, कारण पैसे तुमच्या खात्यात गेलेत, खातं गोठू शकतं. यावर उपाय साधा आहे, पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एक आहे का ते बघायचं. मी आधीच सांगून ठेवते की ट्रान्सफर तुमच्या स्वतःच्या खात्यातून, माझ्यासमोर, आणि नावाचं ओळखपत्र दाखवावं लागेल. खऱ्या गिऱ्हाइकाला याचा राग येत नाही, उलट तोही निश्चिंत होतो. ज्याला राग येतो त्याला मी विकत नाही.

जाहिरातीचे फोटो चोरायला अवघड जावेत म्हणून वस्तूशेजारी माझं युजरनेम आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो काढते. सिरियल नंबर आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) जाहिरातीत झाकते, भेटल्यावर मात्र *#०६# दाबून दाखवते, खरेदीदाराने चोरीचा आहे का ते तपासावं, त्याचा तो हक्कच आहे. फोटोतली लोकेशनची माहितीही काढून टाकते, महागड्या वस्तूचा फोटो घरी काढलेला असतो आणि घराचा पत्ता त्यासोबत जायला नको.

माणूस ओळखायची माझी खूण म्हणजे तो काय विचारतो. कॅमेऱ्याचा खरा गिऱ्हाईक डोकं खातो, शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत) किती, सेन्सरवर डाग आहेत का, लेन्समध्ये फंगस आहे का टॉर्च मारून व्हिडिओ पाठवा, लॅपटॉप असेल तर बॅटरीची सायकल (किती वेळा चार्ज झाली) किती, आणि मग भाव पाडतो. कंटाळा येतो पण हीच माणसं शेवटी येऊन पैसे देऊन जातात. जो एकही प्रश्न न विचारता, घासाघीस न करता 'फायनल, आजच घेतो, व्हॉट्सअ‍ॅपवर या' म्हणतो त्याच्यावर मी वेळ घालवत नाही. प्रोफाइल जुनी आहे, रिव्ह्यू चांगले आहेत यावर फार जाऊ नका, जुनी खाती हॅक करूनही वापरतात.

भेट दिवसा, सीसीटीव्ही असलेल्या जागी, सगळ्यात उत्तम म्हणजे बँकेच्या शाखेत, रोख असेल तर नोटा तिथेच तपासून भरता येतात. सोबत कोणीतरी. 'गाडीत बसलेल्या भावाला दाखवून आणतो' याला नाही म्हणायचं, भावाला बाहेर बोलवा.

कुरिअरने पाठवणं मी आता जवळजवळ बंदच केलंय, म्हणजे अ‍ॅपचं स्वतःचं वस्तू पोचेपर्यंत खरेदीदाराचे पैसे अडकवून ठेवणारं संरक्षण असेल तरच, आणि तेही अटी वाचून. कारण बदलाबदलीचा प्रकार. एका खरेदीदाराने लेन्स 'खराब आहे' म्हणून परत केली आणि परत आली ती त्याच मॉडेलची दुसरीच, फोकस रिंग ढिली झालेली. माझ्याकडे पॅकिंगचा एकसलग व्हिडिओ होता, त्यात सिरियल नंबर, लेन्स चालू असल्याचं, खोक्यात ठेवताना, टेप मारताना, वर पत्ता चिकटवताना असं सगळं न कापता, त्यामुळे प्रकरण माझ्या बाजूने सुटलं, पण सुटेपर्यंत पैसे अडकले आणि झोप उडाली ती वेगळी. रिकामं खोकं मिळालं म्हणणारेही असतात, त्यासाठी कुरिअरच्या पावतीवर वजन लिहून घ्या, ते वजन कामाला येतं. आणि परत आलेलं पार्सल उघडतानाही व्हिडिओ काढा, हे लोक विसरतात.

फोनबद्दल थोडं वेगळं. आयफोनला २०१३ च्या आयओएस ७ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, म्हणजे रीसेट केल्यावरही जुन्या खात्याचा पासवर्ड टाकल्याशिवाय फोन वापरता येत नाही, अँड्रॉइडला २०१५ च्या ५.१ पासून तसंच रीसेटनंतरचं संरक्षण. देताना आपलं खातं साइन आउट करून मगच फॅक्टरी रीसेट करायचं, हे खरेदीदारासमोर केलं की त्याचीही खात्री पटते. पण पैसे जमा होईपर्यंत त्याला त्याचं खातं फोनमध्ये टाकू देऊ नका, कारण व्यवहार फिसकटला तर तुमचाच फोन त्याच्या लॉकमध्ये अडकेल. आणि विकल्यानंतर कोणी मेसेज केला की 'लॉक निघालं नाही, तुमचा पासवर्ड पाठवा' तर पासवर्ड कधीच नाही, आयफोन असेल तर वेबवरून आपल्या खात्यात जाऊन ते डिव्हाइस काढून टाकता येतं. डेटाचं म्हणाल तर हल्लीचे फोन एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे आतला डेटा किल्लीशिवाय वाचता येत नाही, रीसेट केला की पुरतं, जुन्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपला मात्र नुसतं डिलीट करून चालत नाही, मी डिस्क काढून ठेवते आणि जाहिरातीत तसं लिहिते.

तोटे सांगायचे तर वेळ खूप जातो, येतो म्हणून न येणारे पुष्कळ, आणि माझ्या अटींमुळे काही चांगले गिऱ्हाईकही सुटले असतील. ज्याला आठवड्याभरात पैसे हवेत त्याने सरळ दुकानात द्यावं, घाईतला विक्रेताच या लोकांना हवा असतो. मला घाई नव्हती म्हणून जमलं आणि एकूण हिशोबात दुकानापेक्षा बरेच जास्त मिळाले, त्यामुळे मी हेच चालू ठेवणार आहे. सध्या लॅपटॉपचं बोलणं चालू आहे, त्या मुलीने कीबोर्डच्या प्रत्येक बटणाचा व्हिडिओ मागितलाय आणि तो मी मनापासून काढून पाठवलाय.

विकून झालेल्या वस्तूचे चॅट, पॅकिंगचे व्हिडिओ, पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवते आणि सहा महिने उलटून गेल्याशिवाय त्यातलं काही डिलीट करत नाही.