केन बाजूला ठेवून गाईल: स्ट्रीट फायटर ६ मधील काही महिन्यांच्या सरावाचा अनुभव

पावसाळा सुरू होताना मी स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेममधील केन हे कॅरेक्टर बाजूला ठेवले आणि गाईल हे दुसरे कॅरेक्टर खेळायला घेतले. आता संक्रांत उलटून गेली आहे, त्यामुळे या बदलाविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. हा गेम कॅपकॉमने २ जून २०२३ रोजी आणला आणि त्याची चित्रे, संगीत, कथा यांविषयी भरपूर लिहून झाले आहे, म्हणून ते सगळे मी सोडून देतो. ज्याला एक कॅरेक्टर बऱ्यापैकी येते, ऑनलाइन सामन्यांतील प्लॅटिनम रँकच्या आसपास गाडी अडली आहे आणि खेळाचा पाया पक्का करायचा आहे, अशा माणसाला नवे कॅरेक्टर शिकून नेमका काय लाभ होतो आणि हा गेम त्यासाठी किती मदत करतो, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला येथे द्यायचे आहे.

गाईल निवडण्यामागे विचार होता. केनकडे अंतर तोडण्याचे अनेक मार्ग आहेत: तो धावत येतो, ड्रॅगनलॅश किकने हवेतून येतो, जिनराई किकने दाब टिकवतो. त्यामुळे समोरच्यापासून नेमके किती लांब उभे राहायचे, या प्रश्नाला फार वेळ न देताही केन सामने जिंकून देतो. गाईलची गोष्ट अगदी वेगळी आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासून त्याच्याकडे मुख्यतः दोनच चाली आहेत: लांबवर फेकायचा सॉनिक बूम आणि उडून येणाऱ्याला पाडणारी समरसॉल्ट किक, जिला सगळे फ्लॅश किकच म्हणतात. बूमसाठी मागची दिशा साधारण पाऊण सेकंद दाबून धरावी लागते आणि मग पुढे आणि ठोसा. फ्लॅश किकसाठी खालची दिशा तेवढाच वेळ धरून मग वर आणि लाथ. म्हणजे पुढे चालत गेलात की हातातला बूम गेला आणि उभे राहिलात की फ्लॅश किक गेली. प्रत्येक पाऊल पुढे टाकताना आपण काय गमावतो आहोत याचा हिशेब करावा लागतो आणि अंतराची जाण माझ्या मते याच हिशेबातून येते. मूलभूत कौशल्ये कॅरेक्टरपासून वेगळी काढून शिकता येतात, असे मला आता वाटत नाही. जे कॅरेक्टर त्या कौशल्यांवाचून चालतच नाही, ते हाती घेतल्यावरच ती अंगवळणी पडतात.

सुरुवातीचे काही आठवडे मी कॉम्बोंना, म्हणजे सलग लागणाऱ्या फटक्यांच्या साखळ्यांना, हातही लावला नाही. ट्रेनिंग मोडमध्ये पडद्याच्या कडेला आपण दाबलेल्या दिशा आणि बटणे फ्रेमच्या (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) आकड्यांसह दिसतात आणि माझे सगळे लक्ष त्या पट्टीवर असे. खाली-मागे ही तिरकी दिशा धरली की दोन्ही चालींचे चार्ज (दिशा दाबून धरल्याने होणारी तयारी) एकाच वेळी साठतात, हे कोणीही सांगते. खरा कस पुढच्या क्षणी लागतो. पुढे आणि ठोसा दाबून बूम सुटला की अंगठा ताबडतोब परत खाली-मागे जायला हवा, कारण गाईल हात लांब करून उभा असतानाही चार्ज साठत असतो. अंगठा पुढच्या दिशेवर क्षणभर जरी रेंगाळला तरी दुसरा बूम तेवढाच उशिरा निघतो आणि त्या फटीतून समोरचा उडी मारून आत शिरतो. पट्टीवर पुढच्या दिशेशेजारचा आकडा लहान होत जाताना पाहणे, हीच माझी पहिली प्रगती होती. पुढे आणि ठोसा अगदी एकाच फ्रेमवर पडले तर परफेक्ट बूम निघतो, जो साध्या बूमपेक्षा प्रबळ असतो. तो मला आजही दरवेळी साधत नाही, पण त्याच्या मागे लागल्यामुळे हाताची शिस्त आपोआप सुधारली. साध्या कंट्रोलरवर हे सगळे करताना डाव्या अंगठ्याचे पेर दुखते, म्हणून एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ हा सराव करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत जास्त वेळ मी उडी अडवण्याला दिला आणि सर्वांत जास्त फळही त्याचेच मिळाले. या गेममध्ये बहुतेक कॅरेक्टरांची उडी जमिनीवरून सुटून परत जमिनीवर येईपर्यंत साधारण पाऊण सेकंदाची असते आणि लाथ तर त्याआधीच डोक्यावर येते. फ्लॅश किकच्या चार्जलाही जवळपास तेवढाच वेळ लागत असल्यामुळे, समोरचा उडाल्याचे पाहून चार्ज धरायला घेतला तर तो कधीच पुरा होत नाही. तो उडण्याच्या आधीच आपण बसलेले असलो पाहिजे. आणि बसलेलो नसलो, तर फ्लॅश किकचा मोह सोडून बसून मारायच्या जड ठोशाने त्याला खाली आणले पाहिजे. असा निर्णय त्या क्षणी विचार करून घेता येत नाही, तो आधीच ठरलेला असावा लागतो. त्यासाठी ट्रेनिंग मोडमधील डमीच्या (सरावासाठीच्या प्रतिस्पर्ध्याच्या) हालचाली नोंदवून ठेवण्याची सोय अमूल्य आहे. एका नोंदीत डमी नुसती पुढे-मागे चालते, दुसऱ्या नोंदीत लांबून लाथ मारते, तिसऱ्यात उडी मारते, चौथ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार हल्ला करते, आणि मग गेमला या नोंदी कोणत्याही क्रमाने चालवायला सांगायचे. नुसती उडीच येणार आहे हे माहीत असताना ती अडवण्याचा सराव जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण सामन्यात मनावर खरा भार असतो तो तीन-चार शक्यतांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याचा. ड्राइव्ह इम्पॅक्ट २६ फ्रेमनी लागतो, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात, आणि तो आपले दोन फटके सोसून पुढे येतो. त्यामुळे एकटा बूम टाकून तो थांबत नाही, आपलाही इम्पॅक्ट वेळेत दाबावा लागतो. पहिल्या तीन नोंदींत हा चौथा धोका मिसळला की सराव एकदम सामन्यासारखा वाटू लागतो.

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, जो रविवारी संध्याकाळी खेळायला येतो आणि कॅमी हे कॅरेक्टर अत्यंत आक्रमकपणे खेळतो. दिवाळीच्या सुट्टीत एका सामन्यानंतर तो म्हणाला, "काका, आता तुमच्यावर उडी मारायचं धाडस होत नाही. चालतच यावं लागतं." या अनुभवातून मला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती आहे. समोरचा चालत येऊ लागला की खेळ जमिनीवर येतो आणि जमिनीवर अंतराचे राज्य असते.

बूमचा उपयोग मला उशिरा उमगला आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. हलक्या ठोशाचा बूम संथ जातो, जड ठोशाचा वेगाने. संथ बूम टाकून त्याच्या मागोमाग चालत गेले की समोरच्याला एकाच वेळी दोन गोष्टींना तोंड द्यावे लागते. कॅरममध्ये चांगला खेळाडू सोंगटी घेताना स्ट्रायकर कुठे थांबेल हेही पाहतो, तसे बूम टाकताना आपण पुढच्या क्षणी कुठे उभे असू हे पाहायचे असते. बूम लागला की नाही हा नंतरचा प्रश्न. अनुभवी प्रतिस्पर्धी येथे पॅरी (हल्ला झेलून निष्प्रभ करण्याचा बचाव) धरून ठेवतात, कारण पॅरीने बूमचा त्रास तर टळतोच, शिवाय त्यांचे ड्राइव्ह गेजही (अशा बचाव-हल्ल्यांना लागणाऱ्या ऊर्जेची पट्टी) भरते. पण पॅरी धरलेल्या माणसाला थ्रो केला, म्हणजे पकडून फेकले, तर त्या थ्रोचे नुकसान वाढते. म्हणजे बूमच्या मागे चालत जाण्याचे उत्तर पॅरी, पॅरीचे उत्तर थ्रो, आणि थ्रोच्या भीतीने तो बटण दाबू लागला की एक पाऊल मागे येऊन त्याचा हात हवेत गेल्यावर फटका मारायचा. ही साखळी मी वाचून जाणत होतो. पण गाईल संथ पावलांनी चालतो, त्यामुळे तिची प्रत्येक कडी डोळ्यांना वेगळी दिसू लागली. केनच्या वेगात ती दिसत नव्हती.

ऐरोलीहून येणाऱ्या एका मित्राचा झांगिफ (जवळ येऊन पकडणारे कॅरेक्टर) या बाबतीत माझा खरा शिक्षक ठरला. झांगिफला लांब ठेवणे हे गाईलचे पारंपरिक काम आहे, पण तो एकदा जवळ आला की स्क्रू पाइलड्रायव्हर या त्याच्या पकडीच्या भीतीने माणूस उगाच मागे सरत राहतो आणि कोपऱ्यात सापडतो. मागे किती सरायचे याचे भान त्या सामन्यांतून आले. पडद्याचा कोपरा जवळ येऊ लागला की मी आता बूम टाकण्याऐवजी बसून मध्यम ठोसा मारून जागा धरतो आणि ब्लॉक करत मागे जाण्यापेक्षा थोडे नुकसान सोसतो. ब्लॉक करत राहिल्याने ड्राइव्ह गेज झिजते आणि सहाही पट्ट्या संपल्या की बर्नआउट होतो. मग प्रत्येक ब्लॉकनंतर आपण ४ फ्रेम जास्त अडकून राहतो आणि विशेष चाली ब्लॉक करूनही आयुष्य कमी होते. एवढ्या किमतीपेक्षा एखादा ठोसा खाणे परवडते, हे मी गेज रिकामे होताना पाहून पाहून शिकलो.

गेमच्या सोयींविषयी माझे मत बहुतांशी चांगले आहे. फ्रेम मीटर ही यातील सर्वांत उपयुक्त गोष्ट होय. चाल सुरू होण्याचा, लागण्याचा आणि सावरण्याचा काळ वेगवेगळ्या रंगांत समोर दिसतो, त्यामुळे कोणती चाल ब्लॉक केल्यावर आपली पाळी येते हे पाठ करावे लागत नाही. बहुतेक जलद ठोसे ४ फ्रेममध्ये लागतात आणि थ्रो ५ फ्रेममध्ये, एवढे लक्षात ठेवून मीटर पाहिला की समोरच्याने मोकाट सोडलेल्या कोणत्या चालीला शिक्षा देता येते हे पाच मिनिटांत कळते. जुन्या सामन्यांच्या रीप्लेमध्येही हा मीटर लावता येतो. हरलेला सामना त्यासह पाहिल्यावर वाद संपतो. रँक प्रत्येक कॅरेक्टरचा वेगळा असतो, हा निर्णय नवे कॅरेक्टर शिकणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे, कारण केनच्या रँकला धक्का न लावता गाईल खालच्या पायरीवर नेऊन शिकता येतो. गाईल पहिल्या १८ कॅरेक्टरांत असल्यामुळे वेगळे पैसेही मोजावे लागत नाहीत.

उणिवा मात्र आहेत. प्रत्येक कॅरेक्टरचे मार्गदर्शन गेममध्ये दिलेले आहे. त्यात चाली आणि त्यांचे उपयोग चांगले समजावले आहेत, पण आधी काय शिकावे आणि काय पुढे ढकलावे, याचा क्रम नाही. कॉम्बो ट्रायलमुळे तर नवख्याला असे वाटते की लांबलचक कॉम्बो पाठ झाला म्हणजे कॅरेक्टर आले. उडी अडवणे, अंतर राखणे, गेज सांभाळणे यांसाठी तितक्याच आकर्षक चाचण्या असायला हव्या होत्या. दुसरी अडचण अंतराची, पण खऱ्या भूगोलाची. ठाण्यातून खेळताना चांगल्या जोडणीचे प्रतिस्पर्धी काही वेळा पटकन मिळतात, काही वेळा मिळतच नाहीत, आणि लांबच्या देशातील खेळाडूशी गाठ पडली की रोलबॅकमुळे (जोडणीतला उशीर झाकणाऱ्या तंत्रामुळे) सामना चालतो खरा, पण ड्राइव्ह इम्पॅक्टचे पहिले काही फ्रेम दिसतच नाहीत. अशा सामन्यांतून प्रतिक्रियेचा अंदाज बांधू नये. वायफाय बंद करून केबल लावणे ही किमान अट समजावी. समोरचा केबलवर आहे की वायफायवर, हे गेम सामन्याआधीच दाखवतो आणि नकार देण्याची मुभाही देतो. मी ती मुभा निःसंकोच वापरतो.

वय वाढले की हे खेळ जमत नाहीत, असे चाळिशीतले मित्र नेहमी म्हणतात. त्यांना मी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेची आठवण करून देतो. २०२३ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी ४४ व्या वर्षी जिंकले. बोटांचा वेग तरुणांकडे अधिक असेल, पण समोरचा केव्हा आणि कोठून येणार हे आधी ओळखण्याला वयाची आडकाठी नाही.

डिसेंबरमध्ये काही दिवस मी मुद्दाम केन पुन्हा खेळून पाहिला, कारण या सगळ्या सरावाची खरी परीक्षा तीच होती. उडी अडवण्याचे प्रमाण उघडपणे वाढले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ड्राइव्ह रश (गेज खर्चून वेगाने पुढे धावणे) करून आत घुसण्याआधी मी थांबून पाहू लागलो होतो आणि समोरच्याचा फटका हवेत गेल्यावरच पुढे जात होतो. गाईलवर प्लॅटिनम गाठायला वेळ लागला. केन मात्र त्या काही दिवसांतच त्यावरच्या डायमंड रँकमध्ये गेला. दोन्ही कॅरेक्टर आता मी सोबत चालवतो, आठवड्याचे दिवस गाईलला आणि शनिवार केनला.

ज्याला हा गेम नव्याने घ्यायचा आहे आणि आधी कोणताही फायटिंग गेम खेळलेला नाही, त्याने थेट गाईल घ्यावा असे मी म्हणणार नाही. त्याने र्‍यू किंवा ल्यूक घ्यावा आणि हवे तर मॉडर्न कंट्रोल वापरावेत. त्यात एका बटणाने निघणाऱ्या विशेष चालींचे नुकसान २० टक्क्यांनी कमी असते, पण त्या बदल्यात लक्ष बोटांवरून पडद्यावर येते आणि सुरुवातीला तेच हवे असते. ज्याचे एक कॅरेक्टर तयार आहे, त्याने मात्र चार्जचे एक कॅरेक्टर किमान एक ऋतूभर खेळून पाहावे.

जेपी या कॅरेक्टरविरुद्धचा माझा खेळ अजून कच्चा आहे. त्याचे सापळे पडद्यावर पसरले की बूम टाकायला जागा उरत नाही आणि डमीवर तो सराव पुरेसा होत नाही. ठाणे, कळवा किंवा ऐरोली परिसरात जेपी खेळणारे आणि केबल जोडणी असणारे कोणी असतील, तर रविवारी संध्याकाळी सहानंतर मी लांबलचक सामन्यांसाठी मोकळा असतो. समोरासमोर बसून खेळायची तयारी असेल तर दुसरा कंट्रोलर माझ्याकडे आहे.