पुण्याहून बंगळूर की हैदराबाद? पगाराआधी मुलांची इयत्ता बघा

पुण्यात आयटीत दहा-बारा वर्षं काढलेल्या जोडप्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो: बंगळूरची ऑफर घ्यायची, हैदराबादची घ्यायची, की आहोत तिथंच थांबायचं? बोलणी बहुतेक वेळा 'हातात किती येणार' इथंच अडकतात. पण आयकर केंद्राचा, तो तिन्ही शहरांत सारखाच. व्यवसाय कराला तर राज्यघटनेनंच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. राज्य बदलण्याची खरी किंमत पगाराच्या स्लिपवर दिसतच नाही. ती गाडीवर, घराच्या डिपॉझिटवर आणि सगळ्यात जास्त मुलांच्या कॉलेज प्रवेशावर पडते.

घर विकत घ्यायचं असेल तर मुद्रांक शुल्कावरून शहर ठरवू नका, एवढंच सांगतो. पुण्यात ७ टक्के आणि नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. बंगळूरमध्ये ४५ लाखांवरच्या घराला सेस-अधिभार धरून साधारण ५.६ टक्के, पण ऑगस्ट २०२५ अखेर तिथलं नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के झालं. हैदराबादला सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या आसपास. ८० लाखांच्या फ्लॅटला तिन्हीकडे सहा लाखांच्या जवळपासच जातात. फरक एकच: पुण्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का, म्हणजे ८० हजार वाचतात.

गाडीचं गणित वेगळं आहे. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के रस्ता कर, कर्नाटकात १७ टक्के आणि त्यावर सेस. तेलंगणाही कर्नाटकाच्याच जवळ आहे. पुण्याची एमएच-१२ गाडी घेऊन गेलात तर बारा महिन्यांनंतर तिथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, तिथं गाडीच्या वयानुसार कर, आणि मग इथं उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज. दोन-तीन वर्षांसाठीच जाणार असाल आणि गाडी जुनी असेल, तर ती विकून जाणं बरं. कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर नव्या गाडीला बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा, नंबर मागा. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. आणि हैदराबादला जाऊन इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर तिथं २०२६ च्या अखेरपर्यंत रस्ता कर माफ आहे.

आता मुलांचं. या मुद्द्यावर मी हट्टी आहे, कारण इथली चूक नंतर पैशानं भरून निघत नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र तर हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. कर्नाटकात पहिली ते बारावी यांतली किमान सात वर्षं तिथं शिकलेली असावी लागतात. तेलंगणाला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं लागतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय प्रवेशांसाठी तो नियम कायम ठेवला.

समजा, मुलगी आठवीत जाणार आहे आणि तुम्ही बंगळूरला गेलात. बारावीपर्यंत तिची पाचच वर्षं भरतात. आईवडिलांपैकी कोणी कर्नाटकात शिकलेलं नसेल, तर ती तिथं स्थानिक ठरत नाही, आणि दहावी-बारावी बाहेर झाल्यामुळे इथलाही कोटा गेला. उरतात त्या अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा आणि खासगी किंवा अभिमत (डीम्ड) महाविद्यालयांची लाखांतली फी. तीच मुलगी नववी सुरू होण्याआधी हैदराबादला गेली, तर तेलंगणाची होते. मात्र मग बारावीपर्यंत तिथून हलायचं नाही. दहावीनंतर मध्येच कंपनीनं परत बोलावलं तर पुन्हा दोन्हीकडून अडचण.

अभियांत्रिकीला महाराष्ट्राचे नियम सैल आहेत. आई किंवा वडिलांचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर बाहेर शिकलेल्या मुलालाही दार उघडं राहतं. ते प्रमाणपत्र पुणं सोडण्याआधीच काढून ठेवा.

शाळेत कन्नड किंवा तेलुगू घ्यावीच लागते, सीबीएसई असली तरी. पहिलीतलं मूल ती खेळता खेळता शिकतं. आठवी-नववीतल्याला नवी लिपी जड जाते, म्हणून प्रवेश घेण्याआधी शाळेला सवलतीबद्दल स्पष्ट विचारा.

रोजच्या खर्चात बंगळूर महाग. भाडं जास्त आणि डिपॉझिट पाच-सहा, कधी दहा महिन्यांचंही मागतात. हैदराबादला दोन महिन्यांवर भागतं आणि त्याच पैशात खोल्याही मोठ्या मिळतात. मार्च २०२४ मधली बंगळूरची पाणीटंचाई विसरू नका. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरी फ्लॅट बघताना कावेरीचं पाणी येतं की टँकरचं, हे सोसायटीतल्या राहणाऱ्यांनाच विचारा. (पुण्यालगत वाघोलीत घर घेतलेल्यांना हा प्रश्न नवा नाही.)

राजकारणाचा धसका बराचसा बातम्यांतून येतो, पण सगळाच खोटा नाही. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं जुलै २०२४ मध्ये मंजूर केलं आणि उद्योगांच्या विरोधानंतर लगेच थांबवलं. ते कायमचं गेलं असं मी धरणार नाही. बेळगावचा वाद बंगळूरच्या ऑफिसात सहसा येत नाही. रिक्षात, बाजारात चार वाक्यं कन्नड बोलता येणं मात्र फार उपयोगी पडतं, आणि शिकायलाच हवं. हैदराबाद मराठी माणसाला जवळचं आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हैदराबादेत जुनी मराठी घरं आजही आहेत, केशवराव कोरटकरांच्या पुढाकारानं उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे. शिवाय दखनी हिंदीवर रोजचं भागतं.

सरकारी योजनांचा हिशेब धरू नका. दोन्ही राज्यांत महिलांना बसप्रवास मोफत आहे, पण तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं.

माझं मत असं: मूल पाचवीत किंवा त्याहून लहान असेल आणि कामाची वाढ बंगळूरला जास्त असेल, तर खुशाल बंगळूर. सहावी ते आठवीत असेल तर हैदराबाद. नववी-दहावीत असेल आणि डॉक्टर व्हायचं म्हणत असेल, तर बारावीपर्यंत घर पुण्यातच ठेवा आणि नोकरीसाठी एकानंच जा. तेव्हाही हैदराबादच बघा, कारण पुण्याहून ते साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटरवर आहे आणि शुक्रवारी रात्री बस धरली की शनिवारी सकाळी घरी पोचता येतं.