पाडकामाच्या बजेटचं एक्सेल शीट: पावसाळ्याआधीपासून दिवाळीपर्यंत वापरून

पुण्याच्या मध्यवस्तीतली आमची व्यापारी इमारत. खाली गाळे, वर दोन मजले ऑफिसं, आरसीसी बांधकाम, साधारण 12,000 चौरस फूट. 2025 मध्ये ती पाडायची ठरली, तेव्हा ओळखीतल्या एका सल्लागाराकडून अंदाजपत्रकाची तयार एक्सेल फाइल मिळाली. काम आवरेपर्यंत सगळा हिशेब तिच्यातच ठेवला. शीट कामाचं आहे, पण त्यातले तीन-चार सेल बदलल्याशिवाय वापरू नका.

सगळ्यात मोठी गडबड राडारोड्याच्या वजनात आहे. शीट चौरस मीटरला 500 किलो धरतं. पक्क्या बांधकामासाठीचा हा टायफॅकचा (केंद्र सरकारची तंत्रज्ञानविषयक संस्था) जुना ठोकताळा अजून सगळीकडे फिरतो. पण जरा हिशेब करून बघा. नुसती पाच इंची स्लॅबच चौरस मीटरला 300 किलोच्या वर जाते. तिच्यावर लादी आणि लादीखालचा मसाला, आणखी शंभरेक किलो. बीम, कॉलम, नऊ इंची भिंती आणि जोतं अजून धरलेलंच नाही. आमच्यासारख्या इमारतीला एक टनाच्या खाली धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. 1,115 चौरस मीटरला शीट जेमतेम 560 टन दाखवतं, तिथे 1,100 टनांच्या पुढचीच तयारी ठेवावी लागते. वाहतूक सरळ दुप्पट.

त्यातच ब्रासचा घोळ. शीट टनाचे ब्रास करताना अखंड काँक्रीटची घनता वापरतं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर, अखंड आरसीसी असेल तर सात टन. पण फोडलेला माल फुगतो, मध्ये पोकळी राहते आणि तोच ब्रास पाच टनांच्या आसपास येतो. डंपरवाला ब्रासवर पैसे घेतो, राडारोडा प्रक्रिया केंद्रात मात्र काट्यावर वजन होतं. म्हणून मी दोन वेगळे रकाने केले: वाहतूक ब्रासमध्ये, केंद्राचं शुल्क टनात. मूळ शीटमध्ये दोन्हीला एकच आकडा होता.

आता भंगार. शीटच्या तळाशी ‘निव्वळ खर्च’ असा एक ठळक सेल आहे. पाडकामाच्या खर्चातून सळई, शटर, खिडक्या, केबल यांची किंमत वजा करून तो आकडा येतो. दिसायला छान, वापरायला घातक. आमच्याकडे आलेल्या पहिल्याच ठेकेदाराने चहा संपायच्या आत सांगितलं, “शेठ, लोखंड आमचं, राडारोडा तुमचा.” म्हणजे रोख काहीच द्यायचं नाही, पण माल उचलायचा खर्च आपल्या गळ्यात. दुसरा म्हणाला, सगळं मी नेतो, वर इतके द्या. असे दोन भाव शेजारी ठेवून तुलना करायची तर भंगार वेगळंच दिसायला हवं. शिवाय लोखंडाचा भाव आठवड्यात हलतो. 30 टन सळई धरली आणि किलोमागे 4 रुपये उतरले, की 1 लाख 20 हजार गेले. मी भंगाराचं वेगळं पान केलं आणि मंजुरीसाठी भागीदारांपुढे फक्त एकूण खर्च ठेवला. भंगाराचे पैसे हातात पडले की मग जमेला.

बरं, ते 30 टन तरी कशावरून? सळईच्या वजनाचं, व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सूत्र शीटमध्ये आहे (12 मिमीची सळई मीटरला 0.888 किलो), पण सळया किती आहेत हे नकाशावरून घ्यायचं, आणि जुन्या इमारतीचा नकाशा आणि आतलं लोखंड यांची भेट होईलच असं नाही. पुण्याच्या चांदणी चौकातला पूल पाडला, ते आठवा. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री 600 किलो स्फोटकं लावली, तरी काही भाग उभाच राहिला आणि उरलेलं पोकलेनने काढावं लागलं. आत लोखंड अंदाजापेक्षा जास्त निघालं, असं तेव्हा सांगितलं गेलं. आमच्याकडे दोन कॉलम आणि एक बीम आधी फोडून बघितला, त्याचा खर्च फुटकळ.

शीटचं कौतुक करायचं तर कामाच्या क्रमाचं. आयएस 4130 (पाडकामातल्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) प्रमाणे वरून खाली, मजल्यामागून मजला, अशा ओळी आहेत. शेजारच्या इमारतीला चिकटलेली भिंत हाताने, घण-छिन्नीने, आणि तिचा दर मशीनपेक्षा वेगळा. स्लॅबवर मिनी पोकलेन चढवायचा तर खालच्या मजल्याला जॅकचा टेकू, त्याचं भाडंही धरलेलं. महावितरणचे मीटर, नळजोड, लिफ्ट, गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे, हिरवी जाळी, धूळ बसवायला टँकर, काही सुटलेलं नाही. गल्लीत डंपर रात्रीच शिरत असेल तर मजुरीत वाढ धरा, एवढीच भर मी घातली.

करांच्या पानावर मात्र आनंद आहे. शीटमध्ये पाडकामावरचा 18 टक्के जीएसटी धरलाय, पण बांधकाम कामगार कल्याणाच्या 1 टक्का उपकराची ओळच नाही. उपकराच्या कायद्यात पाडकामही ‘बांधकाम’ धरलंय, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. 10 ऑक्टोबर 2024 पासून धातूच्या भंगाराच्या अडीच लाखांवरच्या व्यवहारात नोंदणीकृत खरेदीदार नोंदणीकृत विक्रेत्याचा 2 टक्के जीएसटी टीडीएस कापतो, तीही ओळ नव्हती. ती सीएकडून घालून घ्या. राडारोड्याचं वर्गीकरण 2016 च्या नियमांप्रमाणे धरलेलं होतं (महिन्याला 300 टनांच्या वर गेलं की आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा). आता 1 एप्रिल 2026 पासूनचे नवे नियम बघून ते पान पुन्हा मांडावं लागेल.

एक शेवटचं. शीट शेवटच्या डंपरला संपतं. जोत्याखालची टाकी फोडून खड्डा भरणं, नवं काम सुरू होईपर्यंत पत्र्याचं कुंपण आणि रात्रीचा वॉचमन यांना त्यात जागाच नाही. आमच्या पत्र्यांचं भाडं अजून चालू आहे.