पुणे–औंध–कोल्हापूर: नवरात्रातली तीन दिवसांची गाडीसफर कितपत वसूल?

पुण्याहून कोल्हापूर महामार्गाने साधारण २३० किलोमीटर. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके आणि मध्ये खंबाटकी घाट. नवरात्रात हे अंतर एका दमात कापून थेट अंबाबाईच्या रांगेत उभे राहणारे पुष्कळ. पण या वाटेवरचा खरा ऐवज महामार्ग सोडून आत आहे, औंधला. तो वगळला तर तीन दिवस काढायची गरजच नाही, दोन पुरतात.

आधी नावाचा घोळ. मॅपवर नुसतं 'औंध' टाकलं की पुण्यातलं औंध समोर येतं. 'यमाई मंदिर, औंध, तालुका खटाव' असं पूर्ण टाका. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सुमारे ४५ किलोमीटर. रस्ता गावागावांतून जातो, त्यामुळे सव्वा तास धरावा. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालयही यादीत असेल तर ते आदल्या दिवशी उरकून घ्या. तिथले दिवे, अडकित्ते आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल घाईत बघण्यासारखे नाहीत. निघायच्या दिवशी दार उघडायची वाट बघत बसलात तर औंधला पोचेपर्यंत दुपार टळते.

औंधचं श्री भवानी संग्रहालय १९३८ सालचं, यमाईच्या डोंगराच्या चढणीवर. ते उभं करणारे औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला हा राजा १९३९ साली स्वतःचे अधिकार रयतेच्या हाती देऊन मोकळा झाला. संग्रहात त्या माणसाची नजर दिसते: राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, बंगाल शैलीतली कामं, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आणि चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं 'मदर अँड चाइल्ड'. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर हेन्री मूर! मुंबईतली मोठी संग्रहालयं पालथी घातलेल्यांनाही हे ठाऊक नसतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी वर डोंगरावर यमाईच्या मूळपीठावर दर्शन, मग थकून उतरताना संग्रहालयाला वीस मिनिटं. क्रम उलटा ठेवा. सकाळच्या उजेडात दोन तास चित्रं, मग देवी. तैलचित्रांवर वॉर्निशची चमक येते, म्हणून समोरून न बघता जरा तिरकं उभं राहिलं की रंग नीट दिसतात. पाट्यांवरची माहिती त्रोटक आहे. चित्रकारांबद्दल चार ओळी आधी वाचून गेलेलं बरं. संग्रहाला पाचपैकी पाच, मांडणीला तीन. खाण्याची सोय गावात साधीच, डबा सोबत असू द्या. पुढे पुसेसावळीमार्गे कराडला महामार्गाला लागता येतं, साताऱ्याला माघारी यायची गरज नाही.

सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाबद्दल एकच सूचना. लंडनहून आलेली वाघनखं २०२४च्या जुलैमध्ये तिथे मांडली होती, पण तो ऐवज तीन वर्षांत राज्यातल्या चार शहरांत फिरायचा आहे. केवळ त्यासाठी जाणार असाल तर सध्या तो कुठे आहे हे विचारून मगच गाडी वळवा.

कोल्हापूरचं नियोजन सुट्टीवर नाही, तिथीवर करावं लागतं. बघण्याजोगे दिवस दोन. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाई टेकडीवर त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते आणि तिथे कोहळा फुटतो. त्याचा तुकडा मिळवायला अशी झुंबड उडते की लहान मुलं घेऊन पुढे जाण्यात शहाणपण नाही. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात पालख्या येतात, छत्रपती जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, शमीपूजन होतं आणि क्षणात सोनं लुटलं जातं. मुख्य सोहळा थोडाच वेळ चालतो, पण जागेसाठी साडेचारलाच उभं राहावं लागतं. एकाचीच निवड करायची तर पंचमी. सोहळा दुपारपर्यंत आटोपतो आणि दिवसाचा उत्तरार्ध हाती राहतो.

गाडीचं मात्र अवघड. एरवी दसरा चौकाच्या मैदानात गाड्या लागतात, दसऱ्याला तो भरवसा धरू नका. मंदिराच्या आसपासचे रस्ते उत्सवात बंद असतात. तावडे हॉटेलपाशी महामार्ग सोडलात की मुक्कामाच्या ठिकाणी गाडी लावा आणि पुढे रिक्षा किंवा पाय. गाभाऱ्याची रांग तासन्‌तास चालते. मुखदर्शनाची वेगळी रांग त्या मानाने बरीच लवकर सरते.

न्यू पॅलेस (१८८४) सगळेच बघतात. दरबार हॉलमधल्या रंगीत काचा सुंदर, पण शिकारीच्या भुसा भरलेल्या प्राण्यांची दालनं लांबत जातात. आत फोटोला मनाई आहे. त्यापेक्षा टाऊन हॉल संग्रहालयाला तास द्या. १९४५-४६ साली ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती इथलीच. सातवाहनकाळात पंचगंगेच्या काठापर्यंत रोमचा व्यापार पोचला होता, हे त्या वीतभर मूर्तीपुढे उभं राहून जेवढं पटतं तेवढं वाचून पटत नाही. गर्दी जवळजवळ नाही. सरकारी संग्रहालयांची सुट्टी बहुधा सोमवारी असते. पंचमी सोमवारी येत असेल तर टाऊन हॉल आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी.

कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय शहरापासून १२ किलोमीटरवर. बलुतेदार, शेतकरी, बाजार, सगळं सिमेंटच्या पुतळ्यांतून. मुलं रमतात, जाणकारांना ते थोडं गोड वाटेल. अडीच तास चालणं आहे आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, तेव्हा सकाळी नऊच्या आत पोचा.

ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी नवरात्र सोडून ९ ते ११ नोव्हेंबरच्या अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाला यावं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी चरण, मग मूर्तीचा मध्यभाग, शेवटी मुख गाठतात, निदान तशी अपेक्षा असते. पश्चिमेला ढग किंवा हवेत धूळ-बाष्प असलं, वाटेत एखादी इमारत आडवी आली, की किरणं चरणांपाशीच थांबतात. तीन दिवसांतला एकच हाताशी असेल तर शेवटचा धरा.

परतीचा प्रवास उजेडी करावा. दसऱ्यानंतर उसाचा हंगाम जवळ येतो. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे रिफ्लेक्टर नसताना रात्री महामार्गावर असतात. सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यांवर ते अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. सकाळी आठला कोल्हापूर सोडलं तर दुपारच्या वळवासारख्या सरीही चुकतात.