चेटकिणीची प्रेमकथा पाहायची तर कोणती? 'आय मॅरीड अ विच' आणि 'बेल, बुक अँड कँडल'

चेटकीण साध्या माणसाच्या प्रेमात पडली तर तिच्या चेटकाचे काय होणार, या एकाच कल्पनेवर हॉलिवूडने सोळा वर्षांच्या अंतराने दोन प्रणयविनोदी चित्रपट केले. युद्धकाळात फ्रान्समधून अमेरिकेत आलेले दिग्दर्शक रने क्लेअर यांचा 'आय मॅरीड अ विच' १९४२ साली आला आणि रिचर्ड क्वाइन यांचा 'बेल, बुक अँड कँडल' १९५८ साली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'बिविच्ड' या दूरचित्रवाणी मालिकेची कल्पना या दोन चित्रपटांवरून सुचल्याचे तिचे लेखक सोल सॅक्स यांनी मान्य केले होते. तेव्हापासून त्यांची नावे जोडीनेच घेतली जातात आणि एक पाहिला की दुसरा पाहिल्यातच जमा, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांची प्रकृती इतकी निराळी आहे की एकावर खूश झालेला प्रेक्षक दुसऱ्यासमोर चुळबुळ करू लागण्याचीच शक्यता अधिक. पुढे दोन्ही शेवट उघड केले आहेत. अर्थात या प्रकारच्या चित्रपटात नायक-नायिका एकत्र येणार हे कुणापासून लपलेले नसते.

क्लेअर यांचा चित्रपट कृष्णधवल असून अवघ्या ७७ मिनिटांचा आहे. सतराव्या शतकात ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये जेनिफर आणि तिचा बाप डॅनियल यांना चेटकाच्या आरोपावरून जाळले जाते, आणि वूली नावाच्या ज्या माणसाने तक्रार केली त्याच्या वंशातल्या प्रत्येक पुरुषाचे लग्न नेमके नको त्या बाईशी होईल, असा शाप जेनिफर देऊन जाते. हा प्रसंग क्लेअर ज्या थाटात मांडतात त्यावरूनच पुढचा रागरंग कळतो. शिक्षा पाहायला जमलेल्या गर्दीत एक विक्रेता मक्याच्या लाह्या विकत फिरतो आणि एकाला जाळून झाल्यावर दुसऱ्याची पाळी येण्याआधी चक्क मध्यंतर होते. (इतिहासात न्यू इंग्लंडमध्ये अशा आरोपींना जाळत नसत, फाशी देत, १६९२ मध्ये तेथील सेलम गावी चाललेल्या चेटकाच्या खटल्यांत १९ जण फासावर गेले. क्लेअर यांना इतिहासाशी काही कर्तव्य नाही आणि ते तसा आवही आणत नाहीत.) पुढे ज्या झाडाखाली बापलेकीची राख पुरलेली असते त्यावर १९४२ मध्ये वीज कोसळते, दोघे धुराच्या रूपात मोकळे होतात आणि गव्हर्नरपदाची निवडणूक लढवणारा, लग्न तोंडावर आलेला वॉलेस वूली त्यांच्या तावडीत सापडतो.

जेनिफर सूड म्हणून त्याला प्रेमाचा काढा पाजायला निघते. पण ऐन वेळी भिंतीवरची तसबीर तिच्याच डोक्यात पडते आणि तिला शुद्धीवर आणण्यासाठी वॉलेस समोरचा पेला भाबडेपणाने तिच्याच तोंडाला लावतो. प्रेम येथे अपघाताने घडते, आणि ज्याच्यावर जाळे टाकायचे तोच मोकळा राहून जाळे टाकणारी अडकते. या एका उलटापालटीवर उरलेला सगळा चित्रपट उभा आहे. लग्नाच्या दिवशी वादळ सुटते, गाणारी बाई तेच गाणे पुन्हापुन्हा सुरू करते, नवरदेव बेपत्ता होतो. निवडणुकीत तर विरोधी उमेदवाराला स्वतःचेसुद्धा मत मिळत नाही. जेनिफर झालेल्या व्हेरॉनिका लेक जिन्याच्या कठड्यावरून खालून वर घसरत जातात तो क्षण डोळ्यांचे पाते लवण्याइतकाच आहे, पण त्यात क्लेअर यांची सगळी शैली सामावली आहे: चमत्कार करायचा आणि त्याकडे कुणाचे लक्ष वेधायचे नाही.

'बेल, बुक अँड कँडल'ची चाल संथ आहे. हा रंगीत चित्रपट १०६ मिनिटांचा असून जॉन व्हॅन ड्रुटेन यांच्या १९५०च्या ब्रॉडवे नाटकावर आधारलेला आहे, आणि मूळ रंगभूमीचा ठसा त्यावरून पुसला गेलेला नाही. माणसे खोलीत येतात, बसतात, बोलतात. गिलियन ही न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये आदिवासी मुखवट्यांचे व मूर्तींचे दुकान चालवणारी, अनवाणी फिरणारी, सयामी मांजर पाळणारी चेटकीण. वरच्या मजल्यावर राहायला आलेला प्रकाशक शेप गिलियनच्या कॉलेजातल्या वैरिणीशी लग्न करणार आहे हे कळताच, नाताळच्या आदल्या रात्री ती मांजराला कुशीत धरून, ओठांत एक सूर गुणगुणत त्याच्यावर वशीकरण करते. जेम्स वाँग हाउ यांचे छायालेखन आणि गिलियन झालेल्या किम नोव्हाक यांचा चेहरा यांमुळे तो प्रसंग विनोदी चित्रपटात अपेक्षित नसलेला गूढपणा घेऊन येतो. हसण्यासारखे येथे मुख्यतः दुय्यम पात्रांकडे सोपवलेले आहे. बाँगो वाजवणारा आणि येता जाता रस्त्यावरचे दिवे मालवणारा गिलियनचा भाऊ जॅक लेमन यांनी झकास उभा केला आहे, तर एल्सा लँचेस्टर यांची आगाऊ मावशी आणि अर्नी कोव्हॅक्स यांचा मद्यपी लेखक हे दोघे मिळून नायकाला सहज झाकोळून टाकतात.

नायकाची बाजू लंगडी पडते याला वय हेही एक कारण आहे. शेपची भूमिका करणारे जेम्स स्ट्यूअर्ट त्या वर्षी पन्नाशीचे होते आणि नोव्हाक पंचविशीच्या. गंमत अशी की पहिल्या चित्रपटात वॉलेस झालेले फ्रेडरिक मार्च आणि व्हेरॉनिका लेक यांच्यातही २५ वर्षांचेच अंतर होते. परंतु तेथे नायिकाच अडीचशेहून अधिक वर्षांची असल्याने ते डोळ्यांत भरत नाही, आणि वॉलेसचे अवघडलेपण हाच विनोदाचा विषय असल्याने ते पथ्यावरच पडते. मार्च आणि लेक यांचे चित्रीकरणादरम्यान अजिबात पटले नव्हते, पण पडद्यावर त्याचा मागमूस नाही. स्ट्यूअर्ट-नोव्हाक जोडीमागे दोन चित्रपट कंपन्यांमधील देवाणघेवाण होती: कोलंबियाने नोव्हाक यांना हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो' या रहस्यपटासाठी पॅरामाउंटकडे पाठवले आणि त्याच्या मोबदल्यात स्ट्यूअर्ट यांनी हा चित्रपट केला. दोन्ही १९५८ मध्येच झळकले. ज्यांनी 'व्हर्टिगो' नुकताच पाहिला असेल त्यांनी मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, अन्यथा या हलक्याफुलक्या कथेवर त्या भयाची सावली पडल्यावाचून राहत नाही.

निवड करताना माझ्या मते खरा कस लागतो तो प्रेमाची किंमत कोण मोजते या मुद्द्यावर. जेनिफरच्या शक्ती तिचा बाप काढून घेतो, तिला पुन्हा झाडाखाली कोंडण्याचा घाट घालतो आणि अखेरीस जेनिफरने बूच लावल्याने स्वतःच दारूच्या बाटलीत अडकतो. संसार थाटल्यावरही घरातली धाकटी लेक केरसुणीवर स्वार होऊन हिंडताना दिसते, म्हणजे चेटूक काही हद्दपार झालेले नाही. गिलियनच्या जगात मात्र प्रेमात पडलेल्या चेटकिणीची शक्ती जाते, मांजर तिला सोडून जाते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येणे हाच ती आता सामान्य बाई झाल्याचा पुरावा ठरतो. मुखवट्यांच्या जागी दुकानात शिंपल्यांची फुले येतात. जी स्त्री दीड तास त्या पडद्यावरील सर्वांत रंजक व्यक्ती होती तिला निस्तेज करून चित्रपट त्यालाच सुखान्त म्हणतो, आणि तिच्यासाठी काहीही न गमावलेला शेप परत येतो. हे मला खटकते. तरीही आपण काय सोडून देत आहोत हे नोव्हाक यांच्या नजरेत स्पष्ट दिसते, आणि लेक यांच्या अवखळ भूमिकेला एवढ्या खोलीची गरजच पडत नाही, हेही मान्य करायला हवे.

तेव्हा घरातल्या लहानथोरांसह बसायचे असेल, वेळ थोडा असेल किंवा निखळ हसायचे असेल, तर १९४२चा चित्रपट निवडावा. रंग, वेशभूषा, हिवाळ्यातले न्यूयॉर्क आणि एकटीने राहणाऱ्या स्त्रीची घालमेल यांत ज्यांना रस आहे त्यांनी १९५८चा घ्यावा. कलादिग्दर्शन आणि वेशभूषा या दोन विभागांत त्याला ऑस्कर नामांकने मिळाली होती, आणि ती योग्यच होती. एकाच बैठकीत दोन्ही उरकायचे झाल्यास तीन तास लागतात, आणि तेव्हा 'बेल, बुक अँड कँडल' आधी लावावा, कारण क्लेअर यांच्या वेगाची सवय झाल्यावर क्वाइन यांची दिवाणखान्यातली संभाषणे आहेत त्याहून लांब वाटू लागतात.